पत्ता मालकीचा की उसना?

‘आयपी पत्ता म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात आला की आपण शिक्षक एक ठरलेले उत्तर देतो : घराला जसा टपालाचा पत्ता, तसा इंटरनेटवरील संगणकाला आयपी पत्ता. उत्तर चुकीचे नाही आणि मुलांना ते चटकन कळतेही. पण एखादा चौकस विद्यार्थी पुढे विचारतो, “सर, घर बदललं की पत्ता बदलतो. मग एखाद्या संस्थेने आपले काम एका कंपनीच्या संगणकांवरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर हलवलं, तर जुना आयपी पत्ता बरोबर नेता येतो का?” येथे टपालाची उपमा अडखळते. कारण या प्रश्नाचे खरे उत्तर ‘हो, पण काही अटींवर’ असे आहे.

स्वतःचे संगणक न बाळगता दुसऱ्याच्या संगणक-केंद्रात जागा भाड्याने घेण्याला होस्टिंग म्हणतात. एरवी जागा देणारी कंपनी पत्तेही आपल्याच साठ्यातून देते. जागा सोडली की पत्ते परत करावे लागतात. मात्र गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी वेगळी सोय केली आहे : तुमच्याकडे स्वतःच्या नावावर नोंदलेले पत्ते असतील तर ते घेऊन या, आम्ही आमच्या जाळ्यातून ते चालवू. अमेझॉनने ही सोय ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केली. इतरांनीही ती दिली आहे.

पत्ता माणसाचा की जागेचा, हा वाद मात्र जुना आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये याकोव रेख्टर आणि टोनी ली यांनी या विषयावर एक छोटा दस्तऐवज लिहिला. इंटरनेटचे नियम आणि शिफारशी ज्या मालिकेत प्रसिद्ध होतात, त्या ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ अर्थात आरएफसी मालिकेतील त्याचा क्रमांक २००८. (हा क्रमांक आहे, साल नव्हे.) कथा-कवितेचे परीक्षण होते तसे अशा कोरड्या कागदाचे करावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण कायद्याप्रमाणेच असे कागदही लाखो लोकांचे व्यवहार ठरवतात. त्यांत काय गृहीत धरले आहे, कोणाचा खर्च मोजला आणि कोणाचा मोजला नाही, हे तपासणे हेही विज्ञानशिक्षणच होय.

पिनकोडची युक्ती

दस्तऐवजाचा युक्तिवाद समजून घेण्यासाठी आपल्या पिनकोडकडे पाहू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्यामागची कल्पना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. साताऱ्याचा पिनकोड ४१५००१. कोलकात्यात टपाल वेगळे करणाऱ्या माणसाला साताऱ्यातील एकही पेठ माहीत असण्याची गरज नाही. सुरुवातीचा ४ पाहिला की पत्र पश्चिमेकडच्या थैलीत टाकायचे, एवढेच त्याचे काम. पुढचे अंक पुढची माणसे पाहतील. सहा अंकांची सारी करामत या उतरंडीत आहे. दूरच्या माणसाला थोडेच ठाऊक असले तरी पत्र पोहोचते.

आता समजा, साताऱ्याचे एक कुटुंब गुवाहाटीला राहायला गेले आणि म्हणाले, “आम्ही ४१५००१ हाच पिनकोड ठेवणार.” ते शक्य नाही असे नाही. पण मग देशातील प्रत्येक टपाल केंद्रात एक चिठ्ठी डकवावी लागेल : ‘या कुटुंबाचे पत्र मात्र गुवाहाटीला.’ एका कुटुंबाची एक चिठ्ठी चालेल. लाखभर कुटुंबांनी असा हट्ट धरला, तर चिठ्ठ्या वाचण्यातच दिवस जाईल.

इंटरनेटवर टपाल केंद्राचे काम राउटर करतात. प्रत्येक मोठ्या राउटरजवळ एक मार्गतक्ता असतो : पत्त्यांचा अमुक गट, तर अमुक दिशा. सध्या जास्त वापरात असलेला आयपी पत्ता ३२ अंकांचा असतो. हे अंक फक्त ० आणि १. त्यामुळे एकूण पत्ते होतात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. एवढ्या पत्त्यांची एकेक ओळ ठेवणे अशक्य. म्हणून समान सुरुवात असलेल्या पत्त्यांचा गट करून एका गटाला एकच ओळ देतात. दोन ओळी लागू पडत असतील, तर राउटर अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची ओळ मानतो. चिठ्ठी नेहमी पिनकोडवर मात करते. हा नियम लक्षात ठेवावा. पुढे तो दोनदा कामास येणार आहे.

कागद काय सांगतो

रेख्टर आणि ली यांनी दोन धोरणे समोर ठेवली आहेत. एक ‘मालकी’चे : पत्ते एकदा मिळाले की संस्थेचे, ती कुठेही जोडली गेली तरी. दुसरे ‘उसनवारी’चे : पत्ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या साठ्यातले, जोडणी असेपर्यंत वापरायचे, कंपनी बदलली की परत करून नवे घ्यायचे. लेखकांचा निष्कर्ष असा की, ज्यांच्या पत्त्यांचा मोठा गट होऊ शकत नाही अशा सर्वांनी मालकी मागितली, तर मार्गतक्ता राउटरांना पेलणार नाही. म्हणून अशांनी उसनवारीवर राहावे.

या लेखनाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. युक्तिवाद पायरीपायरीने जातो. त्यात भीती घालणे नाही आणि कोणत्याही कंपनीची भलामणही नाही. मूळ मुद्दा आजही खरा आहे. मार्गतक्ता हे सर्वांचे गायरान आहे. तेथे एक ओळ वाढवणाऱ्याला तिचा पूर्ण फायदा मिळतो; ओझे मात्र जगातील प्रत्येक मोठ्या राउटरवर थोडे थोडे पडते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी या तक्त्यातील ओळींनी ५ लाख १२ हजारांचा आकडा ओलांडला. अनेक जुन्या राउटरांत नेमकी तेवढीच जागा होती. त्या दिवशी ठिकठिकाणी सेवा अडखळल्या. लेखकांचा इशारा पोकळ नव्हता.

आणखी एक गुण विशेष. कागदाच्या आरंभी संचालक मंडळाची एक टीप आहे. तिचा आशय असा की, ही बंधने आजच्या राउटरांच्या मर्यादेतून आलेली आहेत. पुढे राउटर मोठे तक्ते पेलू लागले, तर यांचा पुन्हा विचार करणे योग्य ठरेल. आपले विधान कोणत्या अटीवर खरे आहे हे विधानाबरोबरच सांगणे, ही विज्ञानाची खरी रीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती फारशी आढळत नाही.

बिऱ्हाड हलवण्याचा खर्च

आता दोष पाहू. पत्ते बदलण्यात त्रास आहे, हे लेखकांना ठाऊक आहे आणि ते तो लपवतही नाहीत. पण त्यांच्या तराजूच्या एका पारड्यात राउटरचा खर्च भरभक्कम आहे आणि दुसऱ्या पारड्यात बिऱ्हाडकरूचा त्रास हलका आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल. इंटरनेटवर नावे आहेत ना? आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो; नावावरून पत्ता शोधणारी वेगळी यंत्रणा आहे. पत्ता बदलला तरी नाव तेच राहते. मग पत्त्याचा एवढा सोस कशाला?

आक्षेप रास्त आहे, आणि साध्या संकेतस्थळापुरता पुरेसाही. पण व्यवहारात पत्ता नावासारखाच वापरला जातो. बँक किंवा सरकारी खाते आपल्या संगणकाशी बोलण्याची परवानगी देताना पुष्कळदा आयपी पत्ताच नोंदवून घेते : ‘या पत्त्यावरून आले तर आत सोडा.’ पत्ता बदलला की अशा प्रत्येक ठिकाणी अर्ज करा, वाट पाहा. ईमेलचे तर आणखी वेगळे. जगातील ईमेल सेवा पाठवणाऱ्या पत्त्याची पत पाहतात. वर्षानुवर्षे नीट वागलेल्या पत्त्याची पत चांगली असते. उसन्या मिळालेल्या पत्त्यावर आधीच्या भाडेकरूने कचरा-टपाल पाठवलेले असेल, तर त्याचे पाप आपल्या माथी येते. शिवाय काही यंत्रांत पत्ता कायमचा कोरून ठेवलेला असतो. ती यंत्रे गावोगाव विखुरलेली असली, तर प्रत्येकापाशी माणूस पाठवावा लागतो.

म्हणजे कंपनी बदलण्याचा खर्च वाढला की भाडेकरू जुन्या कंपनीपाशी अडकून पडतो. उसनवारीच्या धोरणाचा हा परिणाम अभियांत्रिकीचा नाही, तो सत्तेचा आहे. कागदात त्याला पुरेसे स्थान नाही.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आपण भारतात पाहिले आहे. मोबाइलची कंपनी बदलली की पूर्वी क्रमांक जात असे. २० जानेवारी २०११ पासून तो देशभर टिकवता येऊ लागला. प्रथम आपल्या सेवाक्षेत्रापुरता आणि ३ जुलै २०१५ पासून सर्व देशात. क्रमांक ग्राहकाबरोबर राहावा असे समाजाने ठरवले आणि त्याची यंत्रणा कंपन्यांना उभारायला लावली. उपमा ताणू नये. फोन लावताना एकदा शोध घेतला की पुरते. इंटरनेटवर पुडक्यामागून पुडके येत असते आणि राउटरला प्रत्येकाचा निर्णय निमिषात करावा लागतो. तरीही, खर्च कोणी उचलायचा हे यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात, एवढे या उदाहरणावरून दिसते.

आधी आले आणि मागून आले

दुसरा दोष अधिक गंभीर. उसनवारीचा उपदेश झाला तेव्हा पंगतीत पहिली वाढणी होऊन गेली होती. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत अमेरिकेतील काही विद्यापीठांना आणि कंपन्यांना प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्त्यांचे गट दिले गेले होते. अशा गटाचे पहिले आठ अंक ठरलेले असतात. उरलेल्या २४ अंकांतून २ चा २४ वा घात एवढे पत्ते होतात. विद्यार्थ्यांनी हा आकडा स्वतः पडताळून पाहावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला असा गट २००० साली परत केला, हे त्याच्या मोठेपणाचे. पण परत करण्याची सक्ती नव्हती. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या गटातील मोठा हिस्सा विकायला काढला आणि तो अमेझॉनकडे गेला.

मागून आलेल्यांचे काय? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणी संस्थेचा, म्हणजे आपल्याही वाट्याचा साठा शेवटच्या टप्प्यात आला. तेव्हापासून नव्या सभासदाला त्या साठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा नियम झाला. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. त्याच २०११ साली मायक्रोसॉफ्टने नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. भागाकार करून पाहा : पत्त्यामागे सुमारे ११ डॉलर २५ सेंट. ज्याची मालकी नको असे १९९६ मध्ये सांगितले गेले, त्याला पंधरा वर्षांत बाजारभाव आला.

सातबारा आणि मुखत्यारपत्र

अशा पार्श्वभूमीवर ‘आपले पत्ते आपण आणा’ ही सोय कशी चालते ते पाहू. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, तशी पत्त्यांची नोंद क्षेत्रीय नोंदणी संस्थेत असते. काटेकोर बोलायचे तर ही मालकी नव्हे, नोंदवहीतील नाव आहे. नोंदणी संस्था पत्ते अटींवर वापरायला देतात.

नोंद ज्याच्या नावावर आहे, त्याने प्रथम एक डिजिटल सही केलेले अधिकारपत्र प्रसिद्ध करायचे. त्यात लिहिलेले असते : ‘पत्त्यांचा हा गट अमुक क्रमांकाच्या जाळ्याने जाहीर केला, तर ते आमच्या संमतीने.’ इंटरनेटवरील प्रत्येक स्वायत्त जाळ्याला असा क्रमांक असतो. अमेझॉनच्या एका जाळ्याचा क्रमांक १६५०९ आहे. हे झाले मुखत्यारपत्र. मग, अर्ज करणारा आणि नोंदवहीतील नाव एकच आहे, हे दुसऱ्या एका सहीने त्या कंपनीला पटवून द्यायचे. खात्री पटली की कंपनी तो गट जगाला जाहीर करते : ‘या पत्त्यांचे टपाल आता आमच्याकडे द्या.’ जुन्या ठिकाणची घोषणा बंद होते आणि जगभरचे मार्गतक्ते थोड्याच वेळात बदलतात. जुन्या कंपनीच्या मोठ्या गटात हा लहान गट मोडत असला तरी अडत नाही. नेमकी ओळ जिंकते, हा नियम येथे उपयोगी पडतो.

याच नियमाची दुसरी बाजूही आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी २५६ पत्त्यांचा एक गट आपलाच असल्याची घोषणा केली. ती घोषणा देशाबाहेर निसटली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. जगातील राउटरांनी नेमकी ओळ मानली आणि सुमारे दोन तास यूट्यूबचे टपाल भलतीकडे गेले. सातबारा न पाहता, जो म्हणेल त्याची जमीन, असा तो प्रकार. वर सांगितलेली सहीची अधिकारपत्रे नोंदणी संस्थांनी २०११ पासून देऊ केली, ती अशाच घोटाळ्यांना आळा घालण्यासाठी. पत्ते कोण जाहीर करू शकतो हा १९९६ च्या कागदाचा विषय नव्हता, म्हणून त्याबद्दल लेखकांना दोष देता येणार नाही. पण मालकीची चर्चा पुराव्याच्या चर्चेशिवाय अपुरी राहते, हे आता कळते.

पुनर्विचार कोणी केला?

त्या टिपेकडे पुन्हा वळू. राउटर सुधारले तर पुनर्विचार करावा, असे ती सांगते. राउटर सुधारले. कागद लिहिला गेला तेव्हा तक्त्यात काही दहा हजार ओळी होत्या. आता त्या नऊ लाखांहून अधिक आहेत आणि जाळे चालू आहे. नोंदणी संस्थांनी कंपनी-निरपेक्ष पत्त्यांची वाटही काही प्रमाणात ठेवली. पण व्यवहारात पुनर्विचार झाला तो मुख्यतः बाजाराच्या हातून. आणि बाजाराच्या पुनर्विचाराला दारावरचे माप असते.

ते माप आहे २५६. यापेक्षा लहान गटाची ओळ जगातील बहुतेक जाळी स्वीकारतच नाहीत, म्हणून होस्टिंग कंपन्याही आयपी पत्त्यांचा किमान एवढा गट मागतात. एखाद्या महाविद्यालयाला आठ पत्ते पुरत असतील, तर त्याला ही सोय नाही. उलट ज्याच्याकडे मोठे गट आहेत, त्याला दुहेरी लाभ. १ फेब्रुवारी २०२४ पासून अमेझॉनने आपल्या प्रत्येक जाहीर आयपी पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडे लावले. स्वतः आणलेल्या पत्त्यांना मात्र ते नाही. अर्धा सेंट म्हणजे क्षुल्लक वाटेल. वर्षाचे तास ८,७६०. पत्त्यामागे ४३ डॉलर ८० सेंट, २५६ पत्त्यांचे ११,२१२ डॉलर ८० सेंट. ज्याला १९९६ मध्ये ‘उसने’ म्हटले, ते आता रोख भाडे झाले आहे.

लांब पत्त्यांची नवी पद्धत, म्हणजे १२८ अंकांची आयपी सहावी आवृत्ती, टंचाई संपवते. पण पत्ता बरोबर न्यायचा तर तक्त्यात वेगळी ओळ लागतेच. ‘मालकी की उसनवारी’ हा प्रश्न पत्ते वाढवून सुटत नाही.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. आरएफसी २००८ हे प्रामाणिक आणि स्वच्छ लेखन आहे. प्रत्येकाने मालकी मागितली तर सर्वांचेच नुकसान, हा त्याचा सिद्धान्त टिकला. मात्र ‘म्हणून कोणाला मालकी मिळावी?’ हा पुढचा प्रश्न त्याने यंत्राचा प्रश्न म्हणून हाताळला. तो वाटणीचा प्रश्न होता. शास्त्रज्ञांनी तो समाजापुढे ठेवला नाही, म्हणून तो पैशाने सोडवला.

वर्गात करण्यासारखे

हा धडा तासाभरात शिकवता येतो. दहा विद्यार्थ्यांना टपाल केंद्रे करा. प्रत्येकाजवळ पिनकोडच्या पहिल्या अंकाचा छोटा तक्ता द्या आणि उरलेल्या मुलांना पत्रे टाकायला सांगा. मग एकेक कुटुंब ‘पिनकोड न बदलता’ दुसरीकडे हलवा आणि प्रत्येक केंद्रात चिठ्ठी वाढवत जा. किती चिठ्ठ्यांनंतर केंद्रे थकतात ते मोजा. नंतर नियम करा की, वर्गात फक्त वीस चिठ्ठ्या चालतील.

आता मुलांनाच विचारा : या वीस चिठ्ठ्या कोणाला द्यायच्या? आधी आले त्यांना, जास्त पैसे देतील त्यांना, ज्यांचे घर हलवण्याने सर्वांत जास्त अडते त्यांना, की सोडत काढून? टपालाची उपमा जेथे अडखळते, तेथून ही चर्चा सुरू होते. तिची उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत आणि त्यांतले कोणतेही उत्तर लगेच पुसू नये.